फुलांचे गोड पदार्थ बिघडतात कुठे? उडालेला रंग, साबणासारखी चव, फाटलेलं दूध आणि सेट न होणारी जेली

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "फुलांचा अर्क सुंदर निघाला होता, पण पदार्थात काहीच उतरलं नाही." कधी रंग गेलेला असतो, कधी वास. कधी दोन्ही टिकतात, पण पहिल्याच घासाला साबण चावल्यासारखं लागतं. मग पाककृती बदलली जाते, फूल बदललं जातं आणि दोष पुन्हा तोच. कारण बिघाड दिसतो वाटीत, पण झालेला असतो त्याच्या बराच आधी: फूल खुडताना, धुताना, किंवा कशात आणि किती वेळ भिजवलं तिथे.

फुलातून पदार्थात तीन गोष्टी उतरतात: रंग, वास आणि कडवट-तुरटपणा. या तिन्ही एकाच वेळी, एकाच माध्यमात सुटत नाहीत. पाण्यात विरघळणारा रंग गरम पाण्यात पाच-सात मिनिटांत येतो. वास स्निग्ध पदार्थात चांगला धरला जातो, त्याला वेळ लागतो आणि वाफेबरोबर तो निघून जातो. तुरटपणा उकळत्या पाण्यात आणि पिळून काढताना सर्वांत जास्त येतो. म्हणजे पाकळ्या पाण्यात घालून दहा मिनिटं खळखळ उकळल्या, तर रंग आला तरी वास गेला आणि तुरटपणा पुरेपूर उतरला, असंच होणार.

त्यामुळे भांडं गॅसवर ठेवण्याआधी एक ठरवून घ्यावं: या फुलाकडून हवंय काय? गोकर्ण फक्त रंग देतो, त्याला सांगण्यासारखा वास नाही. मोगरा फक्त वास देतो. गुलाब दोन्ही देतो, पण दोन्हींसाठी वेगळी वागणूक मागतो. झेंडूचा पिवळा रंग पाण्यात धड उतरतच नाही, त्याला लोणी किंवा तूपच लागतं. हे माहीत नसलं की झेंडूच्या पाकळ्या पाण्यात उकळून पिवळा रंग का येत नाही म्हणून माणूस डोकं धरून बसतो.

आधी हे, मग बाकीचं

ओळख पक्की नसलेलं फूल स्वयंपाकघरात आणू नये. सजावटीलाही नाही, कारण दुधावर ठेवलेल्या फुलाचा चीक दुधात उतरतो. कण्हेर, पिवळी कण्हेर (बिट्टी), धोतरा, रुई, कळलावी, घाणेरी, फॉक्सग्लव्ह, लिली ऑफ द व्हॅली, डॅफोडिल, हायड्रेंजिया ही सगळी दिसायला देखणी आणि पोटात घातक आहेत. "जरा चाखून बघू" ही ओळखीची चाचणी होऊ शकत नाही. धोतरा किंवा कण्हेर थोडी चाखली तरी विषबाधा होऊ शकते.

रस्त्याकडेची, औषध फवारलेल्या बागेतली आणि फुलवाल्याकडची फुलंही बाद. हारासाठी आणि गुच्छासाठी वाढवलेल्या फुलांवर कोणती फवारणी झाली, हे विकणाऱ्यालाही बऱ्याचदा ठाऊक नसतं, आणि ती नुसत्या पाण्याने निघून जात नाही. झेंडू, कॅमोमाइल, डँडेलियन हे सूर्यफुलाच्या कुळातले. ज्यांना परागकणांची ॲलर्जी आहे त्यांना यांचा त्रास होऊ शकतो, म्हणून पहिल्यांदा अगदी थोडं खावं. गरोदरपणात किंवा रोजची औषधं चालू असताना फुलांचे अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध घातलेलं काहीही द्यायचं नाही, पदार्थ कितीही "नैसर्गिक" असला तरी.

"अर्क लालभडक होता, दूध घातलं आणि राखाडी झाला"

सर्वाधिक वेळा येणारी अडचण हीच आहे आणि ती समजली की निम्मी कोडी सुटतात. जास्वंद, गुलाब, गोकर्ण, व्हायोलेट यांचे लाल-निळे रंग अँथोसायनिन या गटातले. हे रंग आंबटपणाप्रमाणे बदलतात. आंबट द्रावात लाल किंवा गुलाबी, मधल्या भागात जांभळा-निळा, सोड्यासारख्या अल्कलीत हिरवट. दुधाचा पीएच (आंबटपणा मोजणारा आकडा; 7 म्हणजे तटस्थ, जितका खाली तितकं आंबट) साधारण 6.6 ते 6.7, म्हणजे जवळजवळ तटस्थ. आंबट अर्कातला लाल रंग तिथे पोहोचला की लाल राहण्याचं त्याला कारणच उरत नाही, तो फिकट जांभळट-राखाडी होतो.

पदार्थ पणाला लावण्याआधी तीन वाट्यांची चाचणी करावी. पांढऱ्या वाट्या घ्याव्यात, स्टीलच्या वाटीत रंगाचा अंदाज चुकतो. प्रत्येकीत दोन चमचे थंड अर्क घालावा. पहिलीत लिंबाचे चार थेंब, दुसरीत चिमटीच्या टोकावर मावेल एवढा खाण्याचा सोडा, तिसरीत दोन चमचे दूध. गोकर्णाचा अर्क असेल तर पहिली वाटी हलवायच्या आतच कडेने जांभळी व्हायला लागते आणि मग गुलाबीकडे झुकते, दुसरी हिरवट-निळी, तिसरी आकाशी. जास्वंदाचा असेल तर पहिली झगझगीत लाल, दुसरी शेवाळी, तिसरी उतरलेल्या शाईसारखी. आपला पदार्थ या तिन्हींपैकी कोणाच्या जवळचा आहे ते पाहिलं की वाटीत काय येणार ते आधीच कळतं.

यावरून उपाय सरळ निघतात. दुधाच्या पदार्थात निळा हवा असेल तर गोकर्ण चालतो: 250 मिली गरम पाण्यात किंवा दुधात 10 ते 12 सुकी फुलं, पाच ते सात मिनिटं, मग गाळून घ्यायचं. बुडाचा हिरवा भाग आधी काढावा. गोकर्ण शेंगवर्गीय आहे, त्यामुळे जास्त भिजला की कच्च्या वाटाण्यासारखी चव येते. या निळ्या दुधात मध घातला तर रंग जांभळ्याकडे सरकतो, कारण मध आंबट असतो. सरासरी पीएच 4 च्या आसपास. निळाच टिकवायचा असेल तर गोडीसाठी साखर किंवा खडीसाखर वापरावी. गुळाचं नाव काढू नये. निळ्यात तपकिरी मिसळून जो मळकट रंग येतो त्याकडे पाहून भूक मरते.

लाल हवा असेल तर दूध आणि फूल यांना एकमेकांत मिसळायचंच नाही. पांढरा थर दुधाचा, त्यावर लाल थर जेलीचा किंवा पाकाचा. दोन्हींची चव घासात एकत्र येते, रंग मात्र आपापल्या जागी राहतो. दुधातच गुलाबी छटा हवी असेल, तर फुलाचा हट्ट सोडून थोडा बिटाचा रस घालावा. बिटाचा रंग वेगळ्या जातीचा आहे, तो दुधात गुलाबीच राहतो. फक्त त्याला जास्त वेळ उकळू नये, तपकिरी पडतो.

केकचंही असंच. पिठात सोडा असेल तर फुलाचा जांभळा रंग भट्टीतून हिरवट-करडा होऊन बाहेर येतो. सोड्याऐवजी बेकिंग पावडर घेतली आणि ओलसरपणासाठी दही वापरलं तर थोडा फरक पडतो, पण खरं सांगायचं तर गव्हाच्या किंवा ओट्सच्या पिठात असल्या नाजूक रंगाला जागाच नाही. पीठ स्वतःच तपकिरी. रंग वरच्या लेपात ठेवावा आणि पिठात फक्त वास.

अर्क नुसत्या पाण्यातच निस्तेज निघत असेल तर पाणी तपासा. जड, क्षारयुक्त पाण्यात जास्वंद आणि गुलाब मलूल होतात. फिल्टरचं पाणी घेऊन तोच प्रयोग पुन्हा करावा. लोखंडी कढई किंवा सुरी लागली असेल तर तुरट द्रव्यं लोहाशी मिळून अर्क काळपट करतात. स्टील, काच किंवा चिनी मातीचं भांडं बरं. आंबट अर्कासाठी ॲल्युमिनियमही नको.

पिवळा रंग पाण्यात का उतरत नाही

झेंडू, कॅलेंड्युला, डँडेलियन यांचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइड गटातला. तो चरबीत विरघळतो, आंबटपणाने बदलत नाही आणि मध्यम उष्णता सहन करतो. 50 ग्रॅम बिनमिठाचं लोणी किंवा तूप मंद आचेवर वितळवून त्यात 2 मोठे चमचे सुक्या पाकळ्या घालाव्यात आणि वीस ते तीस मिनिटं कोमट-गरम ठेवावं, तळू द्यायचं नाही. बोट जेमतेम टेकवता येईल इतकंच गरम. मलमलीतून गाळलं की लोणी सोनेरी निघतं. केकच्या पिठात खरा टिकणारा फुलाचा रंग हाच. केशर याला अपवाद आहे: त्याचा पिवळा रंग पाण्यात आणि दुधात विरघळतो, म्हणून केशराचा अनुभव झेंडूला लावू नये.

फक्त पाकळ्याच घ्यायच्या. झेंडूच्या पाकळीच्या बुडाचा पांढरट-हिरवट भाग आणि डँडेलियनची हिरवी वाटी कडू असते, आणि तो कडूपणा नंतर कशानेही झाकला जात नाही.

वास आला होता, शिजवल्यावर गेला

जाणारच. घरभर दरवळतोय याचा अर्थ तो भांड्यात राहिलेला नाही.

वासासाठी थंड मुरवणं हा मार्ग आहे. 250 मिली पूर्ण सायीचं दूध किंवा क्रीम आधी उकळून पूर्ण गार करावं, त्यात 15 ग्रॅम ताज्या गुलाबपाकळ्या बुडवाव्यात आणि घट्ट झाकणाच्या भांड्यात 8 ते 12 तास फ्रिजमध्ये ठेवावं. सायीतली चरबी वास धरते. तीच चरबी फ्रिजमधल्या चिरलेल्या कांद्याचा वासही तितक्याच आपुलकीने धरते, म्हणून झाकण घट्ट. बिनसायीच्या दुधात हा प्रयोग करून "काही लागत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. आणि हे दूध ओट्यावर रात्रभर ठेवायचं नाही. ताज्या फुलांवर यीस्ट आणि जिवाणू असतातच, उबदार दूध त्यांना आयतं मिळतं.

आता हे वासाचं दूध पुन्हा उकळून घट्ट केलं तर सगळं पाण्यात. त्यासाठी दूध दोन भागांत विभागावं. समजा पुडिंगला एकूण 500 मिली दूध लागतं. त्यातल्या 250 मिली साध्या दुधात 35 ते 40 ग्रॅम कॉर्नफ्लॉवर आणि साखर मिसळून ते नीट शिजवावं. बुडबुडे आल्यावर दोन मिनिटं ढवळत राहावं, म्हणजे पिठूळ चव राहत नाही. हे मिश्रण फार घट्ट होतं, चमचा उभा राहील असं, पण घाबरू नये. गॅस बंद करून पाच मिनिटं थांबावं आणि मग गाळलेलं फुलांचं दूध थोडं थोडं घालत फेटावं. गुठळ्या झाल्या तर चाळणीतून दाबून काढाव्यात.

खुडण्याची वेळही इथेच मोजली जाते. गुलाब सकाळी, दव वाळल्यावर पण ऊन तापण्याआधी. दुपारी खुडलेल्या पाकळीत बराचसा वास उडून गेलेला असतो. मोगऱ्याचं उलटं: फुगलेल्या, उमलायच्या बेतातल्या कळ्या संध्याकाळी घ्याव्यात, कारण रात्री उमलताना त्या वास सोडतात. 200 ग्रॅम बारीक साखरेवर मलमलीचा तुकडा, त्यावर 15-20 कळ्या, वर झाकण. सकाळी कळ्या काढून टाकाव्यात आणि रात्री ताज्या ठेवाव्यात. दोन-तीन रात्रींत साखर पुरेशी वासाळते. मध्ये मलमल असल्यामुळे कळ्यांचा ओलावा थेट साखरेला लागत नाही आणि खडे कमी होतात. मोगरा सुकवून साठवण्याच्या भानगडीत पडू नये. सुकला की वास संपला. गुलाब आणि लॅव्हेंडर सुकवले तरी चालतात.

सुकवायचं ते सावलीत, एका थरात, कागदावर किंवा कापडावर. पाकळी चुरल्यावर कुरकुरली पाहिजे. हवेप्रमाणे तीन ते सात दिवस लागतात. घाई असेल तर ओव्हन 40 ते 50 अंशांवर, दार किंचित उघडं. उन्हात सुकवलेल्या पाकळ्या दोन दिवसांत फिकट आणि गवतासारख्या होतात. पाककृतीत ताजं फूल लिहिलं असेल आणि आपल्याकडे सुकं असेल तर मापाने एक तृतीयांश घ्यावं.

कडू, तुरट, साबणासारखं

तीन वेगळ्या चवी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी. एकच उपाय तिघींना लावला जातो आणि तो म्हणजे आणखी गोड घालणं. त्याने कडू पदार्थ गोड-कडू होतो, एवढंच.

कडू लागत असेल तर फुलाचा नको तो भाग आत गेलाय. गुलाबाच्या पाकळीचं पांढरं बूड कात्रीने व्ही आकारात कापून टाकावं. सगळ्या पाकळ्या बुडाशी धरून एकदम कात्री मारली की दोन मिनिटांचं काम आहे. जास्वंदाचा मधला दांडा, म्हणजे पुंकेसर असलेला भाग, आणि हिरवी निदलं काढावीत. एल्डरफ्लॉवरचे (एल्डर या झुडपाच्या पांढऱ्या फुलांचे) देठ तर चवीपुरते नव्हे, आरोग्यासाठीच काढायचे असतात. त्याच्या हिरव्या भागांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. काट्याने विंचरल्यासारखी फुलं सुटी करावीत.

तुरट लागत असेल तर पाणी फार गरम होतं, वेळ जास्त झाला, किंवा गाळताना चोथा पिळला. उकळी आल्यावर गॅस बंद करून दोन मिनिटं थांबायचं, मग पाकळ्या. घड्याळ लावून सात मिनिटांत गाळायचं. चोथ्यातून शेवटचे दोन चमचे काढण्याचा मोह टाळावा, त्या दोन चमच्यांतच सगळा तुरटपणा असतो. रंग गडद हवा तर पाकळ्या वाढवा, वेळ वाढवू नका. तुरट झालेला अर्क दुधाच्या पदार्थात थोडा सावरतो, कारण दुधातली प्रथिनं तुरट द्रव्यं बांधून ठेवतात.

साबणासारखं लागणं हे बहुतेक लॅव्हेंडरचं काम, कधीकधी गुलाबजलाचं. इथे फुलात दोष नाही, मापात आहे. 250 मिली गरम क्रीमला सुक्या लॅव्हेंडरचा अर्धा छोटा चमचा, आठ-दहा मिनिटं, बस. जास्त झालं असेल तर त्यातच दुप्पट साधं क्रीम घालून पातळ करावं आणि लिंबाची किसलेली साल चिमूटभर घालावी. दुसरा इलाज नाही.

जास्वंदाचा आणखी एक स्वभाव म्हणजे बुळबुळीतपणा. गरम पाण्यात जास्त वेळ राहिला की अर्क अंड्याच्या पांढऱ्यासारखा ओघळतो. तीन-चार मिनिटांत काढावा, चोळू-पिळू नये. आणि "हिबिस्कस" लिहिलेल्या पाककृतींमध्ये एक मोठा गोंधळ होतो: ज्या आंबट, लालभडक सरबताचा फोटो असतो ते बहुतेक वेळा लाल अंबाडीच्या सुकवलेल्या बोंडांचं असतं. ते बोंडावरचं मांसल आवरण, पाकळ्या नव्हेत. अंबाडी स्वतःच चांगली आंबट आहे, जास्वंद तशी नाही. जास्वंद घेऊन अंबाडीची पाककृती केली तर आंबटपणा कमी पडतो आणि रंग जांभळट राहतो. लिंबू पिळल्यावर तो लाल होतो. उलट केलं, जास्वंदाच्या जागी अंबाडी घेतली, तर दूध फाटतं.

दूध फाटलं

अंबाडी, लिंबू किंवा गूळ गरम दुधात गेला असणार. गार दूध साधारण पीएच 4.6 ला फाटतं, पण गरम दुधाला त्याहून बराच कमी आंबटपणा पुरतो. गुळात आंबटपणाही असतो आणि क्षारही, त्यामुळे काही गूळ उकळत्या दुधात मुकाट विरघळतात आणि काही लगेच दाणे धरतात. प्रत्येक ढेप निराळी. भरवसा ठेवू नये. गूळ दोन चमचे पाण्यात वेगळा वितळवून गाळून गार करावा. दूध शिजवून घट्ट झाल्यावर बोट बुडवता येईल इतकं निवू द्यावं, मग गूळ. कॉर्नफ्लॉवर किंवा आरारूट घातलेलं दूध साध्या दुधापेक्षा सोशीक असतं.

नुसते बारीक दाणे दिसत असतील तर मिक्सरमधून काढून चालून जातं. पाणी वेगळं झालं असेल तर ते दूध परत जुळत नाही. गाळून चोथा मधाबरोबर खावा आणि नवीन दूध तापवावं.

नारळाच्या दुधाचं फाटणं निराळं. तिथे जोरात उकळल्याने तेल सुटतं. वाफ दिसेपर्यंतच तापवावं.

पुडिंग काल घट्ट होतं, आज पातळ

मधाने गोड केलेल्या पुडिंगचा हा ठरलेला आजार. कच्च्या मधात डायस्टेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते स्टार्च तोडतं. कॉर्नफ्लॉवरच्या घट्ट पुडिंगात मध ढवळून ठेवला की रात्रभरात ते सैल पडतं. लाळेतही स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं, त्यामुळे चव घेतलेला चमचा परत भांड्यात घातला तरी हेच होतं. दोष मात्र कॉर्नफ्लॉवरच्या पुड्याला मिळतो. मध वाढताना वरून घालावा.

आंबट अर्कात कॉर्नफ्लॉवर उकळलं तरी ते पातळ होतं, आम्लही स्टार्च तोडतंच. पीठ साध्या पाण्यात किंवा दुधात शिजवून शेवटी अर्क मिसळायचा.

जेली लागत (सेट होत) नाही, किंवा लागते आणि पाणी सुटतं

चायना ग्रास, म्हणजे अगार, नुसतं गरम पाण्यात ढवळून विरघळत नाही. ते थंड पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवून, उकळी आल्यावर मंद आचेवर दोन ते पाच मिनिटं उकळावं लागतं. चमचा उचलून उजेडात धरावा: पारदर्शक थेंब म्हणजे झालं, बारीक रवा दिसला तर अजून नाही. प्रमाण 500 मिली द्रवाला 4 ग्रॅम पावडर. पट्ट्यांची ताकद वेगवेगळी असते, त्यांच्यासाठी पाकिटावरचं माप धरावं.

अंबाडीचा किंवा लिंबाचा अर्क अगारबरोबर उकळला तर जेली लिबलिबीत होते. अगार अर्ध्या पाण्यात उकळून, गॅस बंद करून, कोमट केलेला आंबट अर्क त्यात ओतावा. अर्क फ्रिजमधला नको. अगार 35-40 अंशांच्या आसपास गोठतं, गार अर्क पडला की तिथल्या तिथे धागे होतात. अगारची सोय ही की न लागलेली जेली पुन्हा उकळून, चिमूटभर पावडर आधी पाण्यात उकळून तीत मिसळून, परत ओतता येते. जिलेटिनमध्ये मात्र कच्चा अननस, पपई, किवी घातली तर ते कधीच लागणार नाही, त्यातली एन्झाइमं जिलेटिन खातात. अगारला त्याचा फरक पडत नाही.

पाकळ्या तरंगत असतील तर एकदम ओतू नये. पाव इंच थर ओतून तो चिकट-सैल असताना पाकळ्या दाबाव्यात आणि उरलेलं मिश्रण 45-50 अंशांवर आलं की ओतावं. जास्त गरम ओतलं तर पाकळ्या शिजून तपकिरी होतात. खालचा थर पूर्ण गार आणि कोरडा झाला असेल तर थर एकमेकांना धरत नाहीत, कापताना सरकतात. काट्याने वर हलके ओरखडे काढले तर बरं पडतं. एका दिवसाने थोडं पाणी सुटणं अगारच्या स्वभावातच आहे, म्हणून ही जेली त्याच दिवशी संपवावी.

साठवलेलं आंबलं

फुलांवर रानटी यीस्ट असतंच. सम प्रमाणातला पाक, एक किलो पाण्याला एक किलो साखर, फ्रिजमध्येही आठवडा-दोन आठवडेच टिकतो. वजनाने दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असेल तर खूप जास्त. "आरोग्याला बरं" म्हणून साखर निम्मी करायची असेल तर जरूर करावी, पण मग तो पाक साठवणीचा राहत नाही; बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवावा. बाटलीत फेस दिसला, झाकण उघडताना फुस्स आवाज आला, की फेकायचं. घट्ट बंद काचेची बाटली फुटूही शकते.

मधात फुलं मुरवायची असतील तर ती पूर्ण सुकी हवीत. मधात पाणी साधारण 17-18 टक्के असतं आणि तेवढ्यावरच तो टिकतो. ताज्या पाकळ्यांचं पाणी त्यात उतरलं की वर फेस धरतो. गुलकंदाचंही तसंच: पाकळ्या धुतल्यावर कापडावर पसरून पूर्ण कोरड्या कराव्यात, वजनाला किमान तेवढीच साखर घ्यावी, चमचा कोरडा. गुळाची पावडर घालून केलेला गुलकंद लवकर बिघडतो, कारण गूळ हवेतलं पाणी ओढतो. बुरशीचा ठिपका दिसला तर वरचं काढून खालचं खाऊ नये.

खजूर-बदामाच्या गोळ्यांत पाकळ्या घालताना हीच चूक होते. ताज्या पाकळ्या घातल्या की दोन-तीन दिवसांत आतून ओलसर वास येतो. 200 ग्रॅम खजूर, 100 ग्रॅम भाजलेले बदाम, 2 मोठे चमचे सुक्या गुलाबपाकळ्यांचा चुरा. बदाम पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावावेत, गरम असताना फिरवले तर तेल सुटून गोळे तेलकट होतात.

साखरेच्या पाकळ्या चिकट राहतात

पाकळी ओली होती, लेप जाड झाला, किंवा हवा दमट आहे. खाण्याच्या डिंकाची पूड एक छोटा चमचा दीड मोठ्या चमचा पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, आणि मऊ ब्रशने पाकळीच्या दोन्ही बाजूंना इतका पातळ हात फिरवावा की चमक दिसेल, थेंब दिसणार नाही. वरून बारीक दाण्याची साखर भुरभुरावी. पिठीसाखर विरघळून चिकट होते. जाळीवर 24 ते 36 तास. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यापेक्षा डिंक बरा, विशेषतः लहान मुलं खाणार असतील तर. पावसाळी हवेत पाकळ्या सुकत नसतील तर ओव्हन 50 अंशांवर तासभर. गुळाच्या पावडरीने हे काम होत नाही, दुसऱ्या दिवशी पाकळ्या ताटलीला चिकटलेल्या सापडतात.

किडे, माती, धुणं

फुलं आणल्या आणल्या पांढऱ्या कापडावर सावलीत अर्धा तास पसरून ठेवावीत, बारीक किडे आपणच निघून जातात. मग गार पाण्यात दहा सेकंद बुडवून काढायची, नळाखाली धरायची नाहीत. एल्डरफ्लॉवर मात्र धुवूच नये, फक्त झटकावं. त्याचा वास परागांबरोबर असतो आणि धुतलं की पाण्यातून वाहून जातो. म्हणूनच ते धुळीच्या जागेवरून घेण्यात अर्थ नसतो.